मॅटचं पुढचं टोक

माझ्या ओळखपत्रावर हुद्दा होता ‘कॅम्प बॉस’. ही बातमी गुहागरजवळच्या आमच्या वाडीत पोचली तेव्हा आई शेजारपाजारी सांगत सुटली, की मुलगा ओमानच्या मिलिटरीत लागला. दोन वर्षांनी मी रजेवर आलो, तर बिचारीने पहिल्याच दिवशी विचारलं, “बंदूक तिकडेच ठेवलीस काय रे?” बंदूक नव्हती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, आणि तो सांभाळणं बंदुकीपेक्षा अवघड आहे असं मी आजही म्हणेन.

बाहेरच्या माणसाला हे काम कळावं म्हणून थोडं सांगतो. सोहार औद्योगिक वसाहतीत आमचा टाइल्सचा कारखाना होता. त्याच्या मागे कामगारांचा कॅम्प. लांबलचक बैठ्या खोल्या, एका खोलीत सहा खाटा आणि एक एसी, मधोमध मेस. कोण कुठल्या खाटेवर झोपणार, पाण्याचा टँकर कधी येणार, एसी बंद पडला तर मेकॅनिक, ताप आला तर दवाखाना, रजेवर निघालेल्याला मस्कतच्या विमानतळावर सोडायला गाडी, हे सगळं कॅम्प बॉसने बघायचं. माणसं मल्याळी, पाकिस्तानी, बांगलादेशी, बिहारी आणि आमच्या कोकणातली पंधरा-वीस. खोल्या भाषेप्रमाणे वाटायच्या, असं माझ्या आधीचा कॅम्प बॉस मला बजावून गेला होता. मी दोन महिन्यांत ते मोडलं आणि खोल्या घोरण्याप्रमाणे वाटल्या. घोरणारे सगळे एका टोकाला, बाकीचे दुसऱ्या टोकाला. भांडणं निम्म्यावर आली. आमच्या बसचा ड्रायव्हर गुल जमान, हा स्वातचा पठाण, तेवढा मानायला तयार नव्हता. आपण घोरतच नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्याच्या खोलीतल्या माणसाने मोबाइलवर आवाज भरून आणला आणि मी तो त्याला ऐकवला. गुल जमानने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “साळवीसाब, यह तो किसी ने मेरी बस चालू की है.”

एवढं सगळं करूनही कॅम्प बॉस कुणाला आवडत नाही. एसी चालतो तेव्हा त्याची आठवण होत नाही, बंद पडला की होते. ह्याचं मला फारसं वाईट वाटत नसे. वाटत असे ते एकाच वेळी, शुक्रवारी संध्याकाळी, मॅट उचलताना.

ही मॅटची भानगड सांगायला हवी. वसाहतीच्या मागे डोंगराच्या बाजूला एक मैदान होतं. मैदान म्हणजे नुसती खडी. गवताचं पातंही नाही. मधोमध सिमेंटची पट्टी, आणि तिच्यावर काथ्याची जाड मॅट ताणून, कडेने खिळे ठोकून क्रिकेट खेळायचं. वसाहतीतल्या कारखान्यांची स्पर्धा थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी चाले. सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. आम्हाला त्या बदलाचं काही नव्हतं, आमची सुट्टी शुक्रवार एके शुक्रवार. त्या एका दिवशी दोनशे माणसं त्या खडीवर येऊन बसत, घसा बसेपर्यंत ओरडत आणि सामना संपला की मॅट गुंडाळून खांद्यावर घेत. मॅट भयंकर जड. वीस-पंचवीस जणांनी ती वाजतगाजत कॅम्पच्या गोदामात आणायची. हरलो तरी वाजतगाजत.

आणि तिचं पुढचं टोक कुणी धरायचं, हे ठरलेलं होतं. त्या आठवड्यात जो रजेवर घरी जाणार, त्याने. मग तो वेल्डर असो की संडास धुणारा. गोदामापर्यंत सगळ्यांच्या पुढे तो चालायचा. कितीतरी जणांचा त्या टोकासोबतचा फोटो त्यांच्या घरी भिंतीवर आहे, हे मला त्यांनीच दाखवलं आहे. मी मात्र गोदामाचं कुलूप उघडून दाराशी उभा असायचो. मीही दोन वर्षांनी एकदा घरी जातच होतो. पण रजेच्या गाड्यांची यादी मीच करायचो, आणि तिच्यात माझं नाव नसायचं. मग कुणाला कळणार?

ही प्रथा पास्कलची. पास्कल वसईचा, आमच्या स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरचा इनचार्ज. बुटका, टक्कल पडलेला, खिशात सदैव स्क्रू-ड्रायव्हर. बारा वर्षं तो संघाचा मॅनेजर होता. स्वतः कधी दहा धावासुद्धा केल्या नसतील, पण माणूस ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पॅकिंगमध्ये खोकी चिकटवणारा रफीक नावाचा सिल्हेटचा पोरगेला गडी त्याने सलामीला पाठवला, तेव्हा सगळे हसले होते. पुढे त्याच रफीकचं नाव सगळ्या वसाहतीत झालं. झेल सुटला तर पास्कल ओरडत नसे. ज्याच्याकडून सुटला त्याच्या हातात चहाचा कप देई आणि म्हणे, “हा तर धर.” कॅम्पातली माणसं त्याच्यावर जीव टाकत.

त्या वर्षी मस्कतच्या रुवी भागातल्या हेड ऑफिसातून आमच्याकडे नवे जनरल मॅनेजर आले. मराठीच होते, पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, पण सगळं आपल्याला कळतं असं वाटणारा होता. त्यांच्याबरोबर त्यांचा मेव्हणा निखिल आमच्या सेल्स विभागात लागला. निखिल कॉलेजात क्रिकेट खेळलेला. साहेबांनी पास्कलला बोलावून सांगितलं, की निखिल सलामीला जाईल. पास्कल म्हणाला, “नेटला येऊ द्या साहेब. बाकीचे सगळे येतात.” निखिल दोनदा नेटला आला. पास्कलने त्याला नीट पाहिलं आणि बारावा खेळाडू म्हणून घेतलं. पहिल्याच सामन्यात साहेबांचा मेव्हणा पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानावर पळताना साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. “साळवी, टीममध्ये डिसिप्लिन राहिलेली नाही. आजपासून मॅनेजर तुम्ही.” मी ‘नको’ म्हणू शकलो असतो. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही, एवढं जरी म्हणालो असतो तरी ते खोटं नव्हतं. मी म्हणालो, “यस सर.” आणि आता लपवून काय उपयोग, जिना उतरताना मला थोडं बरंही वाटलं. बारा वर्षं माणसं पास्कलभाई, पास्कलभाई करत होती. आता शुक्रवारी मैदानात मधोमध मी उभा राहणार होतो.

मेसच्या फळ्यावर नोटिसा लावणं हे कॅम्प बॉसचंच काम. तेव्हा पास्कलला काढल्याची आणि मला नेमल्याची नोटीस मीच माझ्या हाताने लावली. जेवायला रांगेत उभी असलेली माणसं एकेक करून वाचून गेली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसऱ्यांनी वाचून दाखवलं. आरडाओरडा होईल म्हणून मी तयारीत होतो. कुणी काही बोललं नाही. माझी पाळी आली तेव्हा आमचा मल्याळी आचारी कुंजुमोन, जो सहा वर्षं न चुकता मला सुरमईची मधली तुकडी वाढत आला होता, त्याने ताटात शेपटी टाकली.

“मधली नाही?” मी विचारलं.

“मिडल पीस खलास, साब,” तो म्हणाला. मागच्या परातीत मधल्या तुकड्यांचा ढीग मला दिसत होता.

संध्याकाळी माझ्या केबिनबाहेरच्या तक्रारवहीत सत्तेचाळीस तक्रारी लिहिलेल्या निघाल्या. एरवी आठवड्याला सहा-सात असायच्या. एसीतून हवा फार गार येते. खाट उत्तरेकडे तोंड करून आहे. पंखा आवाज करतो, ही तर अकरा जणांची तक्रार होती, आणि आमच्या कॅम्पात एकाही खोलीत पंखा नव्हता. नियम असा, की प्रत्येक तक्रार जागेवर जाऊन बघायची आणि तक्रार करणाऱ्याची सही घ्यायची. मी तीन दिवस नसलेले पंखे तपासत हिंडलो. लोक अदबीने दार उघडत, छताकडे बोट दाखवत, सही देत.

शुक्रवारी मला वाटलं, मैदानावर कुणी येणारच नाही. सगळे आले. नेहमीपेक्षा जास्तच आले, आणि मैदानाकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून ओळीने बसले. दोनशे पाठी. खेळाडूही आमचेच, त्यांचेही चेहरे पडलेले. साहेबांच्या हुकमाप्रमाणे मी रफीकला बसवून निखिलला सलामीला पाठवलं होतं. तो तिसऱ्या चेंडूला बाद झाला. नंतर आमच्या एकाने षटकार मारला, चेंडू थेट त्या गर्दीत पडला. एकाने मागे न बघता तो डोक्यावरून मैदानात फेकला. टाळी नाही, शिटी नाही. एवढी माणसं असताना मला स्वतःच्या बुटाखालची खडी वाजलेली ऐकू येत होती.

त्यात मॅट. सकाळी ती उचलायला कुणी आलं नव्हतं. मी, निखिल आणि ऑफिसातले दोघे, एवढ्यांना ती खांद्यावर पेलेना. मग मी अक्कल चालवली. दोरी बांधून ती गोदामापासून मैदानापर्यंत ओढत नेली. मॅट उचलूनच का न्यायची, हे इतकी वर्षं बघूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तो मान असतो असं मला वाटायचं. काथ्याच्या विणीत वाटेवरची सगळी खडी जाऊन रुतली. मग एक चेंडू घोट्याजवळून जायचा, दुसरा नाकासमोरून. आमच्या यष्टिरक्षकाचं बोट सुजलं, प्रतिस्पर्ध्यांनी पंचांकडे तक्रार केली आणि आम्ही सपाटून हरलो. पास्कलच्या काळात जिंकलेल्या सामन्यांच्या जोरावर अंतिम सामन्यात मात्र आमची जागा पक्की होती. संध्याकाळी मॅट परत आणायलाही कुणी हात लावला नाही. ती पडून राहिली.

शनिवारी दुपारी निखिल माझ्या केबिनमध्ये आला. “काका, मी हे मागितलं नव्हतं हो,” तो म्हणाला. “मला बारावा म्हणून मजा येत होती. जिजूंना सांगितलं, तर म्हणाले, तू गप्प बस.” पोरगा रडकुंडीला आला होता. त्याची समजूत घालून मी मॅट बघायला मैदानाकडे निघालो, तर ती जागेवर नव्हती. ती सापडली स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पूर्ण उलगडलेली. आणि तिच्यावर मांडी घालून पास्कल स्क्रू-ड्रायव्हरने एकेक खडा टोकरून काढत होता. शेजारी खड्यांनी अर्धा भरलेला रंगाचा डबा.

मी शेडमध्ये शिरलो. “इथे कशी आली?”

“फोर्कलिफ्टने आणली. पडून राहिली असती तर सडली असती.” त्याने मान वर केली नाही.

“पास्कल, तुला काढलंय ना रे?”

“मला काढलंय. मॅटला कुठे काढलंय?” तो म्हणाला. मग थांबून त्याने माझ्याकडे पाहिलं. “एक विचारू साळवी? तू हो का म्हणालास?”

“सवय,” मी म्हणालो. “आणि हावही होती थोडी.”

त्याने खिशातून दुसरा स्क्रू-ड्रायव्हर काढून माझ्यापुढे धरला. “बस. त्या बाजूने सुरू कर.”

आम्ही दोघं अंधार पडेस्तोवर खडे काढत बसलो. तो मला लागेल असं एक अक्षर बोलला नाही, आणि तेच मला फार लागलं.

बुधवारी मी तक्रारवही घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी पानं उलटली. “हे काय? पंखे कुठे आहेत आपल्याकडे?”

“नाहीत सर. ह्या सत्तेचाळीस तक्रारी नाहीत. एकच तक्रार आहे, सत्तेचाळीस जणांनी लिहिलेली. पास्कलला परत आणा.”

“मी निर्णय बदलत नसतो, साळवी.”

माझ्या व्हिसाची अजून दीड वर्षं होती आणि मुलगी चिपळूणला इंजिनिअरिंगला. तरी मी किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडून त्यांच्या टेबलावर ठेवला. जुडगा चांगलाच खुळखुळला. “कॅम्प बॉस म्हणून ठेवायचं तर ठेवा. मॅनेजर मी राहणार नाही.”

साहेबांनी माझ्याकडे आणि जुडग्याकडे आळीपाळीने पाहिलं. “किल्ल्या उचला. फायनल होऊ दे, मग तुमचं काय ते बघतो.” त्यात धमकी होती. मी किल्ल्या उचलल्या आणि बाहेर आलो.

अंतिम सामन्याला कारखान्याचे मालक, आमचे अर्बाब, स्वतः आले. उंच, अंगात पायघोळ पांढरीशुभ्र दिश्दाशा, हातात काठी. साहेब त्यांच्या शेजारी. समोर पुन्हा त्याच दोनशे पाठी. अर्बाबांनी काठी उचलून विचारलं, “एश हाधा?” हे काय म्हणून. साहेब काहीतरी पुटपुटले. मी जवळच टेबलाशी संघाची यादी भरत होतो. निखिल येऊन हळूच म्हणाला, “काका, माझं नाव खोडा. रफीकचं लिहा.” मी लिहिलं. यादीच्या तळाशी एक रिकामी ओळ होती, मॅनेजरच्या नावाची. तिथे सही मी करायची होती. मी तिथे पास्कलचं पूर्ण नाव लिहिलं आणि कागद माइकवाल्याच्या हातात दिला. मागे वळून साहेबांकडे बघायचा धीर झाला नाही.

माइकवाल्याने अकरा नावं वाचली. पाठी तशाच. मग तो म्हणाला, “अँड टीम मॅनेजर… पास्कलभाई!”

आधी एक मुंडासं वळलं, गुल जमानचं. मग चार डोकी, मग सगळी रांग. दोनशे माणसं उठून उभी राहिली आणि असा आवाज झाला, की डोंगराकडच्या बकऱ्या पळत सुटल्या. पास्कल पाण्याच्या टँकरमागे उभा होता. आखातात चर्चचा मिस्सा शुक्रवारी असतो. तो तिथून सरळ आला होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याला कुणी काही सुचूच दिलं नाही. ढकलत, उचलत, मैदानाच्या कडेपर्यंत आणून सोडला. तो माझ्याजवळ आला, डोळे पुसत म्हणाला, “शहाण्या, नोकरी जाईल तुझी.” आणि लगेच वळून ओरडला, “यल्ला, पॅड बांधा!”

मॅट त्या दिवशी गुळगुळीत होती. रफीकने तिच्यावर एकोणसाठ धावा काढल्या. आम्ही एकशे एकतीस केल्या आणि समोरच्या सिमेंट कारखान्याला शेवटच्या षटकात नऊ हव्या होत्या. आमचा एक क्षेत्ररक्षक लंगडत बाहेर आला होता, त्याच्या जागी पास्कलने बाराव्याला, निखिलला सीमेवर पाठवलं होतं. शेवटच्या चेंडूला चार हव्यात, चेंडू हवेत न जाता जमिनीवरून सुसाट सीमेकडे निघाला, आणि निखिलने त्या खडीवर आडवं अंग टाकलं. खडीवर अंग टाकणं म्हणजे काय, हे ज्याने गुडघा फोडून घेतलाय त्यालाच कळेल. चेंडू अडला. दोनच धावा झाल्या. आम्ही जिंकलो, एका धावेने!

निखिल उठला तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत सोललेला होता आणि हसत होता. माणसांनी त्याला डोक्यावर घेतला. कुंजुमोन परातीवर झारा बडवत नाचत होता. अर्बाबांनी पास्कलला हाताला धरून पुढे ओढलं, चषक त्याच्या छातीशी दिला आणि “मबरूक, मबरूक” असं अभिनंदन करत त्याच्या टकलावर थाप मारली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आधी बेताच्या, मग मेव्हण्याकडे बघून जोरात. ते माझ्याजवळून जाताना थांबले. “उद्या नोटीस पाठवतो, लावा फळ्यावर. पास्कलची.” आणि चार पावलं जाऊन म्हणाले, “आणि ते पंखे बंद करायला सांगा.” मला हसू आवरलं नाही. त्यांनाही.

मॅट गुंडाळून झाली. पास्कल नेहमीसारखा ओरडला, “इस हफ्ते घर कौन जा रहा है?”

कुणी पुढे आलं नाही. मी किल्ली चाचपत गोदामाकडे निघालो होतो.

“कॅम्प बॉस जा रहा है,” मागून गुल जमानचा आवाज आला. “मंगल को. मेरी गाड़ी में. किसी को बताया नहीं इसने.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं होतं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि सवयीप्रमाणे मी ते यादीत लिहिलं नव्हतं. पास्कलने माझ्या हातातली किल्ली काढून घेतली. “दार मी उघडतो. तू पुढे हो.”

मी पुढचं टोक खांद्यावर घेतलं. मागे पंचवीस माणसं, त्यांच्या मागे सगळा कॅम्प, पुढे फक्त वाट. मॅट फार जड होती हो, आणि मी उघडउघड रडत होतो. आम्ही दोघांनी इतकं टोकरूनही एक खडा विणीत राहूनच गेला होता. तो नेमका माझ्या खांद्यात रुतत होता. गोदाम येईपर्यंत मी खांदा बदलला नाही.